डॉक्टर पडद्यावर, साक्षीदार गावात

भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर आणि गडचिरोलीहून नागपूर पुन्हा जवळपास तेवढंच. लहान मुलांचा मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर इथल्या बहुतेक कुटुंबांना हा सगळा रस्ता तोडावा लागतो. दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, नागपुरात मुक्कामाची सोय शोधावी लागते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढलेली असली तर निघताच येत नाही. चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि २०११च्या जनगणनेत तिथे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं होती. इतक्या विरळ वस्तीत प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मिळणं अवघड आहे. म्हणून मग एका जागी न बसणारं, दप्तर-पाटी हरवणारं, रोज ओरडा खाणारं पोट्टं 'खोडीचं' म्हणून वाढतं, आणि मागच्या बाकावर गुपचूप खिडकीबाहेर बघणारी पोट्टी 'मंद' म्हणून. दोघांनाही एडीएचडी असू शकतो, म्हणजे लक्ष टिकवणं, हालचाल आवरणं, मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवणं या मेंदूच्या कामांत जन्मापासूनची अडचण. जगभरातल्या पाहण्या पाहिल्या तर शाळकरी वयाच्या शंभर मुलांमागे साधारण पाचांना तो असतो. जंगलातल्या जिल्ह्यांत तो कमी असावा असं मानायला काहीच आधार नाही. इथे कमी आहे ते निदान.

मोबाइलवर व्हिडिओ लावून होणारी तपासणी म्हणूनच या भागासाठी मोलाची आहे. ती बेकायदा किंवा दुय्यम नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवरून नव्या रुग्णालाही तपासू शकतो. रुग्ण अल्पवयीन असेल तर ओळख पटलेलं वडीलधारं माणूस सोबत असणं बंधनकारक आहे. त्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञांसाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या सहभागातून वेगळ्या सूचनाही निघाल्या. अनुभवही आश्वासक आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत, तज्ज्ञ नसलेल्या सात वस्त्यांमधल्या २२३ एडीएचडीग्रस्त मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे उपचार चालू राहिलेल्या मुलांपेक्षा, ज्यांना व्हिडिओवरून तज्ज्ञ भेटत राहिला आणि ज्यांच्या पालकांना गावातच प्रशिक्षण मिळालं, ती मुलं जास्त सुधारली. या अभ्यासातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गावातलं प्रशिक्षण. तज्ज्ञ दूर होता, पण काम करणारी माणसं मुलाजवळ होती.

एडीएचडीच्या तपासणीचा गाभाच तसा आहे. तो दाखवणारी रक्ततपासणी नाही, मेंदूचा फोटो नाही, आणि संगणकावर बटणं दाबायला लावणारी एकाग्रतेची चाचणी एकटी निदान करू शकत नाही. निदान होतं ते मुलाला ओळखणाऱ्या माणसांच्या सांगण्यावरून. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची २०१३ ची नियमावली आपल्याकडेही वापरली जाते. तिच्यात लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आहेत आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ. दोन्हींपैकी एका गटातली किमान सहा (वय सतरा किंवा जास्त असेल तर पाच) लक्षणं कमीत कमी सहा महिने दिसायला हवीत. त्यांतली काही बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत. ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही दिसावीत, त्यांनी मुलाचं खरोखर अडत असावं, आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने त्यांचा जास्त चांगला उलगडा होत नसावा. यातली प्रत्येक अट साक्षीवर उभी आहे. पडद्यावरच्या डॉक्टरला अर्ध्या तासात मूल शहाण्यासारखं बसलेलं दिसू शकतं, कारण नवा माणूस आणि मोबाइल दोन्ही त्याला आवडतात. दवाखान्यातल्या खोलीतही नेमकं असंच होतं. म्हणून ऑनलाइन तपासणीची तयारी म्हणजे चांगलं नेटवर्क शोधणं एवढंच नव्हे. खरी तयारी म्हणजे साक्षीदार गोळा करणं.

आणि इथे गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांचा एक खास पेच येतो. आदिवासी विकास विभागाच्या गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या प्रकल्पांखालच्या आश्रमशाळांत हजारो मुलं राहून शिकतात. वर्षातले बहुतेक महिने ती वसतिगृहात असतात. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येतात, तेव्हा मोहफुलं, तेंदूपत्ता, गुरं, नदी यांत त्यांचा दिवस जातो. उंडारायला मोकळं रान असलेल्या मुलाची चंचलता आईवडिलांना खटकत नाही, आणि खटकायचं कारणही नाही. मग डॉक्टर विचारतो, 'घरी कसा वागतो?' आणि बाप प्रामाणिकपणे सांगतो, 'घरी काहीच तरास नाही.' शाळा म्हणते, 'जीव खातो.' दोन ठिकाणांची अट इथे अडते, आणि घाईतला डॉक्टर एक तर निदान नाकारतो किंवा एकट्या शाळेच्या शब्दावर चिकटवतो.

आश्रमशाळेतल्या मुलाचं दुसरं ठिकाण वसतिगृह असतं, हे डॉक्टरला पहिल्यांदा सांगायला हवं. मूल रात्री कधी झोपतं, घोरतं का, ताट अर्धवट सोडून उठतं का, अंघोळीच्या रांगेत धक्काबुक्की करतं का, स्वतःची पेटी आणि कपडे सांभाळतं का, हे अधीक्षक किंवा अधीक्षिकेला ठाऊक असतं. वर्गशिक्षकाला हे दिसत नाही. म्हणून वर्गशिक्षक, अधीक्षिका आणि घरचं माणूस अशा तिघांची साक्ष हवी. व्हिडिओच्या वेळी तिघं एकत्र नसले तरी चालेल, डॉक्टर तिघांशी वेगवेगळं फोनवर बोलू शकतो. नागपूरच्या दवाखान्यात हे कधीच जमलं नसतं. तिथे फार तर बाप पोहोचला असता. ऑनलाइन तपासणी या एका बाबतीत प्रत्यक्ष भेटीपेक्षा सरस ठरू शकते, आणि हा फायदा पालकांनी मागून घ्यावा.

साक्ष नोंदवायला प्रश्नावल्या असतात. व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली खूप वापरली जाते, तिच्यात पालकांसाठी ५५ आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्न आहेत. भारतीय मुलांसाठी इनक्लेन या संशोधनसंस्थेने तयार केलेलं सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचं साधन २०१४ मध्ये इंडियन पेडियाट्रिक्स या मासिकात प्रसिद्ध झालं. प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे, पुढे तपासायला हवं एवढाच तो इशारा असतो. दहा प्रश्नांना उत्तरं दिली की 'तुमच्या मुलाला एडीएचडी आहे' असं सांगणारी संकेतस्थळं आणि अ‍ॅप तपासणी करत नाहीत. त्यांच्या निकालाचा कागद घेऊन शाळेत जाऊ नये.

भाषेचाही प्रश्न आहे. सिरोंच्यात घरी तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या अनेक गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया. मराठी छापील प्रश्न इथल्या आईला जसेच्या तसे वाचून दाखवले तर ती मान डोलावेल, आणि ती मान गुणांत मोजली जाईल. आशाताई किंवा गावातल्या शिकलेल्या मुलीने प्रत्येक प्रश्न घरच्या बोलीत सांगावा आणि उत्तरासोबत एक प्रसंग विचारून लिहून घ्यावा. 'वारंवार' असं खूण केलेल्या चौकटीपेक्षा 'परवा दुकानातून तेल आणायला पाठवलं तर तासाने हात हलवत आला' ही ओळ डॉक्टरला जास्त सांगते.

भाषा वर्गातही आडवी येते. घरी फक्त माडिया ऐकलेलं सहा वर्षांचं मूल मराठी वर्गात बसलं की ते चुळबुळ करणार, बाहेर बघणार, सूचना अर्ध्यावर सोडणार. त्याला शब्दच कळत नाहीत. याला एडीएचडी म्हणणं अन्याय आहे. त्याच्या बोलीत गोष्ट सांगितली तर ते किती वेळ ऐकतं, हे पाहिलं की बराच उलगडा होतो. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ पासून माडिया मुलांना शिकवते आहे. मुलाची बोली येणारा शिक्षक जिथे कुठे असेल, त्याची साक्ष या तपासणीत लाखमोलाची आहे.

जन्मतारखेकडेही बघा. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी १ जून लिहून टाकण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालली. आता जन्मदाखले मिळतात, तरी काही मुलांच्या कागदावरच्या आणि खऱ्या वयात अंतर असतं. लक्ष टिकण्याची क्षमता वयागणिक वाढते आणि प्रश्नावलीचे गुण वयाशी ताडले जातात. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत आढळलं आहे. तेव्हा आईला विचारावं, जन्म कोणत्या हंगामातला, पेरणीच्या आधीचा की नंतरचा. लसीकरणाचं कार्ड असेल तर उत्तमच.

पण पडद्याची खरी मर्यादा शरीरापाशी येते. लक्ष न लागण्याची शारीरिक कारणं इथे इतकी पसरलेली आहेत की ती तपासल्याशिवाय पुढे जाणारा डॉक्टर, कितीही मोठा असला तरी, माझ्या मते अपुरं काम करतो. सिकलसेल या पट्ट्यात आहेच. हा आजार असलेल्या काही मुलांच्या मेंदूत लकवा दिसू न देता बारीक इजा होते, आणि तिचं पहिलं चिन्ह अभ्यासातली घसरण असू शकतं. शिवाय दुखणं आणि रक्त कमी असल्याचा थकवा वेगळाच. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. मेंदूवर गेलेल्या मलेरियातून वाचलेल्या आफ्रिकेतल्या मुलांच्या अभ्यासांत काहींची एकाग्रता आणि स्मरण पुढेही कमकुवत राहिल्याचं दिसलं आहे. 'लहानपणी ताप डोक्यात गेला होता, झटके आले होते का?' हा प्रश्न इथल्या प्रत्येक तपासणीत असायला हवा. वाहणारा कान, अधू नजर, लोहाची कमतरता, वाढलेल्या टॉन्सिलमुळे मोडणारी झोप, आणि क्षणभर शून्यात बघून परत भानावर येण्याचे अपस्माराचे छोटे झटके, यांतलं काहीही असलेलं मूल वर्गात 'ध्यान नाही' म्हणूनच ओळखलं जातं.

या सगळ्याची प्राथमिक तपासणी गावाजवळ होऊ शकते आणि तीही फुकट. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ३० आजारांची यादी आहे, आणि एडीएचडी त्या यादीत आहे. हे फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पथक आलं की शिक्षकांनी त्या मुलाला मुद्दाम पुढे करावं, उंची-वजनापुरतं थांबू नये. पुढे पाठवण्याची जागा म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, सिकलसेलची चाचणी, कान-डोळे, वजन, नाडी आणि रक्तदाब एवढं करून तो कागद व्हिडिओभेटीआधी डॉक्टरला पाठवला तर पहिली भेट वाया जात नाही. औषध द्यायची वेळ आली तर हेच आकडे पुन्हा लागतात. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं होतं का, हेही त्याच कागदावर लिहावं.

भीतीचंही असंच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या गावांत वाघाने घरातलं माणूस नेलेलं मूल, गोळीबार पाहिलेलं मूल, सहाव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात आलेलं मूल दचकतं, झोपत नाही, वर्गात हरवतं. फरक ओळखायचा तो सुरुवातीवरून. एडीएचडी अमुक दिवसापासून सुरू होत नाही. आई जर म्हणत असेल की गेल्या पावसाळ्यापर्यंत पोरगं चांगलं होतं, तर आधी त्या पावसाळ्याची चौकशी व्हावी.

मोठ्या मुलांना एकट्याने बोलायला वेळ द्यावा. वडीलधारं माणूस सुरुवातीला आणि शेवटी हजर राहील, मधला वेळ दाराबाहेर बसेल, असं आधीच ठरवावं. पंधरा वर्षांचा मुलगा बापासमोर तंबाखूच्या खर्ऱ्याबद्दल सांगणार नाही. एडीएचडी असलेल्या किशोरांना तंबाखू आणि दारू लवकर धरते, आणि या दोन जिल्ह्यांत खर्रा प्रत्येक पानठेल्यावर घोटून मिळतो. लपून घेतलेला खर्रा न मिळाल्याची बेचैनी आणि मुळातली चंचलता यांची गल्लत होऊ नये म्हणून हे विचारणं आवश्यक आहे, रागवायला नव्हे. मुलींच्या बाबतीत उलट काळजी. त्या बाकावरून उठत नाहीत म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि त्यांची अडचण दहावीच्या निकालात पहिल्यांदा दिसते. शिक्षकांना 'त्रास देणारी मुलं कोण' असं विचारलं तर ही मुलगी यादीत येणारच नाही. 'सांगितलेलं काम अर्धवट सोडणारी कोण' असं विचारावं.

सुरुवात कुठून करायची? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा सामान्य रुग्णालयातून चालतो. टेलिमानस ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलते आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी जोडते. आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवरही मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी व्हिडिओ लागतो. त्याचा एक फायदा असा की तिथे नर्स किंवा समुदाय आरोग्य अधिकारी मुलाजवळ हजर असतात. खासगी तज्ज्ञ निवडलात तर पैसे भरण्याआधी डॉक्टरचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा क्रमांक मागा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. शाळेशी बोलणार का, किती भेटी घेणार, लेखी अहवाल देणार का, हेही विचारा. एकाच भेटीत प्रश्नावली, निदान आणि औषध देणाऱ्याकडे मूल नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टींसाठी मात्र एकदा तरी प्रत्यक्ष जावंच लागतं. बुद्धिमापन त्यांतलं एक. मूल अभ्यासात फार मागे असेल तर अडचण एकाग्रतेची, वाचन-लेखनाची की आकलनाची हे वेगळं करावं लागतं. त्यासाठी वापरली जाणारी एक चाचणी आपल्या जवळचीच आहे. आर्थर मालिन यांनी नागपुरात १९६०च्या दशकात पाश्चात्त्य चाचणी भारतीय मुलांसाठी बेतून घेतली. त्याआधी वि. वि. कामत यांनी बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांवर प्रमाणित केली होती, ती बिने-कामत चाचणीही अजून चालते. यांत ठोकळे रचायचे असतात, चित्रं जुळवायची असतात, वेळ मोजायचा असतो. मोबाइलवर हे करून दिलेला आकडा ग्राह्य धरू नये. माडिया किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाच्या शाब्दिक गुणांकडे तर प्रत्यक्ष चाचणीतही सावधपणे बघावं.

दुसरी गोष्ट औषधाची. एडीएचडीवर सर्वांत जास्त अनुभव असलेलं मिथिलफेनिडेट हे औषध भारतात 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं आणि २०२० च्या नियमांनी ते दूरवैद्यकातून लिहून देता येत नाही. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि वेगळा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळतं. म्हणजे निदानाचं बहुतेक काम व्हिडिओवर झालं तरी या औषधासाठी मनोविकारतज्ज्ञासमोर प्रत्यक्ष जावं लागेल. कुणी ते ऑनलाइन घरपोच देतो म्हणाला तर तो कायदा मोडतो आहे. अ‍ॅटोमोक्सेटिनसारखं दुसरं औषध या यादीत नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यासाठीही तपासणी-देखरेख हवीच. सहा वर्षांखालच्या मुलांत औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण येतं, आणि ते व्हिडिओवर उत्तम होतं. एका वेळी एकच सूचना द्यायची, चांगलं वागणं त्याच क्षणी बोलून दाखवायचं, मोठ्या कामाचे तुकडे करायचे. हे शिकायला नागपूर लागत नाही.

तिसरी गोष्ट दाखल्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी मात्र नाही. फक्त एडीएचडीच्या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. पण एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना सोबत अध्ययन अक्षमताही असते. तिचं प्रमाणपत्र अधिकृत सरकारी रुग्णालयातूनच मिळतं, आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती त्यावर अवलंबून असतात. मूल आठवी-नववीत असतानाच ही तपासणी करून घ्यावी. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावपळ करून हाती काही लागत नाही. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक या कामात मार्ग दाखवू शकतात, त्यांना मुख्याध्यापकांमार्फत गाठावं.

अहवाल हाती आला की तो वाचून घ्या, कुणाकडून तरी घरच्या बोलीत समजून घ्या. कोणाकोणाची साक्ष घेतली, कोणती लक्षणं कुठे दिसली, शरीराच्या कोणत्या कारणांचा विचार झाला, आणि शाळेने व वसतिगृहाने नेमकं काय करायचं, हे त्यात असायला हवं. शेवटचा भाग नसेल तर डॉक्टरकडून मागून घ्या. पहिल्या बाकावर बसवणं, पाढ्यांच्या मध्ये उठून फळा पुसायला लावणं, गृहपाठ अर्धा देणं, औषधाची गोळी अधीक्षिकेच्या कपाटात ठेवून तिच्यासमोर देणं, इतक्या साध्या शब्दांत ते लिहिलेलं असावं.

पुढची तारीख घेताना डॉक्टरला आपले हंगाम सांगा. जानेवारीनंतर अनेक आईवडील तेलंगणात मिरची तोडायला गेलेले असतात आणि मे महिना तेंदूपत्त्याचा. या काळात फोन कोणाकडे असेल, आजीकडे की आशाताईकडे, हे लिहून द्या. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलला, किंवा मूल चौथीनंतर दुसऱ्या आश्रमशाळेत गेलं, तर अहवालाची प्रत दाखल्यासोबत नव्या शाळेत द्या आणि नव्या शिक्षकाकडून महिनाभराने तीच प्रश्नावली पुन्हा भरून डॉक्टरला पाठवा.